गुडघ्याच्या मापाची पायरी: जुन्या व्हॅनवाल्यांचे प्रश्न

गेल्या अंकात जुन्या व्हॅनच्या सीटांवर लिहिलं होतं, पण त्यानंतर आलेली पत्रं बघितली तर जवळजवळ सगळी एकाच गोष्टीवर, गाडीत चढायचं कसं. लहानपणी आपण या गाड्यांत उडी मारून चढायचो, दार पूर्ण सरकायच्या आधीच खिडकीची जागा पकडलेली असायची, त्यामुळे खाली पायरी आहे का नाही हे कधी कुणी बघितलंच नाही. आता त्याच गाडीत आईला, आजीला बसवायचं म्हटलं की दोघांनी दंड धरायचे, एकानं आतून ओढायचं, आणि त्या बाईमाणसाला किती अवघडल्यासारखं होत असेल ते वेगळंच. म्हणून या वेळी सगळी जागा पायरीला दिलीय.

प्रश्न: नमस्कार काका. आमच्याकडे १९८७ ची डिझेल मॅटाडोर आहे, मिनीबसवाली, वडिलांनी घरच्यांसाठी घेतलेली, प्रायव्हेट पासिंग. घर मोठं असल्यामुळे नरसोबाच्या वाडीला, पंढरपूरला, लग्नकार्याला अजून तीच काढतो आणि विकायची कुणाचीच इच्छा नाही. आई ७२ वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेत. डाव्या बाजूच्या दारात जमिनीपासून फ्लोअरपर्यंत मोजलं तर ५४ सेंमी भरलं. आत्तापर्यंत प्लास्टिकचं स्टूल ठेवायचो, पण मागच्या महिन्यात ते सरकलं आणि आई खाली आली, खरचटण्यावर निभावलं. इथला वेल्डर म्हणतोय दाराखालच्या पत्र्याला पाइप वेल्ड करून पायरी करून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. करून घेऊ का? (मिरज)

उत्तर: नका करून घेऊ. आणि ते प्लास्टिकचं स्टूल आजच गाडीतून काढा, पायरी व्हायची तेव्हा होईल. ते स्टूल बसायला बनवलेलं असतं, वजन वरून सरळ खाली येणार असं धरून. चढताना माणूस त्याच्या कडेवर पाय टाकतो आणि अंग पुढे ढकलतो, म्हणजे स्टूलाला मागे रेटतो, खाली खडी किंवा ओली फरशी असली की ते सरकणारच. आईचा पाय चुकला असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना हे सांगा.

आता वेल्डरचं. दाराखालचा तो पत्रा मिलिमीटरभर जाडीचा असतो, गाडीची कड झाकायला लावलेला, माणसाचं वजन पेलायला नाही. त्यातून तुमच्या गाडीनं इतके पावसाळे काढलेत, बाहेरून रंग चकचकीत असला तरी आतून तो पत्रा किती उरलाय हे बोटानं टकटक करून कळत नाही, स्क्रू ड्रायव्हर टोचून बघावं लागतं. आणि वेल्डिंग केलं की त्या जागेचं आतलं प्रायमर जळून जातं, गंज धरायला तिथूनच सुरुवात होते, वर्षा-दोन वर्षांत पायरी मजबूत राहते आणि तिच्या भोवतीचा पत्रा सुटतो.

थोडा हिशोब सांगतो म्हणजे वेल्डरला पण समजावता येईल. समजा ७५ किलोचं माणूस पायरीवर उभं राहिलं आणि त्याचा पाय गाडीच्या मेंबरपासून, म्हणजे खालच्या जाड लोखंडी सांगाड्यापासून, २५ सेंमी बाहेर आहे. पायरीचा ब्रॅकेट दोन बोल्टांवर लावलाय, एक वर एक खाली, मधलं अंतर फक्त ५ सेंमी. तर वरच्या बोल्टवर येणारी ओढ ७५ किलो नसते, ती ३७५ किलो होते, कारण पायरी तरफेसारखी काम करते. तेच दोन बोल्ट एकमेकांपासून १५ सेंमीवर घेतले तर ओढ १२५ वर येते. माणूस तेच, पायरी तीच, फक्त ब्रॅकेट उंच केला. आणि हे नुसतं शांत उभं राहिल्यावर, जोर देऊन चढताना किंवा धपकन उतरताना याहून बरंच जास्त होतं. म्हणून पायरी छोट्या पट्टीवर, पत्र्याला, वेल्डिंगच्या दोन टाक्यांवर कधीच नाही. ती गाडीच्या खालच्या मेंबरला, चासीच्या आडव्या-उभ्या लोखंडाला, नट-बोल्टनं.

पण त्याच्याही आधीचं काम टेप घेऊन घरात करायचंय, गाडीपाशी नाही. आई किती उंच पाऊल टाकू शकतात ते बघा. घरातल्या जिन्याची पायरी मोजा, साधारण १५ ते १८ सेंमी असते. ती त्या कठडा धरून चढतात का? चढत असतील तर त्या पायरीवर एक जाड फळी ठेवून बघा, मग दोन, कुणीतरी शेजारी उभं राहा, आणि तोंडाकडे बघा. आपली माणसं 'जमतंय जमतंय' म्हणतात पण चेहरा खरं सांगतो. ज्या उंचीला त्यांनी ओठ दाबले त्याच्या खालची उंची तुमच्या पायरीची. गाडीची उंची ठरलेली आहे, ती त्या मापानं भागायची. ५४ ला १८ नं भागलं की तीन पावलं, म्हणजे मध्ये दोन पायऱ्या. एकच पायरी केली तर २७-२७ ची दोन पावलं, ती तुम्हाला मला ठीक आहेत, झिजलेल्या गुडघ्याला नाहीत. आणि तिन्ही पावलं सारखी पाहिजेत. पहिलं १५ आणि दुसरं २४ असं झालं तर पाय अडखळतो, कारण पहिल्या पावलाला शरीर जे माप धरतं तेच पुढच्याला वापरायला जातं. मोजताना गाडी रिकामी असू द्या, सपाट जागेवर, टायरात हवा बरोबर, कारण आई बहुतेक सगळ्यात आधी चढणार आणि तेव्हा गाडी सगळ्यात उंच असते.

दोन्ही पायऱ्या गाडीलाच लटकवायच्या म्हटलं तर खालची जमिनीपासून १८ सेंमीवर येते, आणि ती कुठल्यातरी स्पीड ब्रेकरला नक्की लागणार. इंडियन रोड काँग्रेसच्या मापाप्रमाणे ब्रेकर १० सेंमी उंच आणि पसरट असायला हवा, पण आपल्याकडे गावागावात कसले उंचवटे घातलेत ते तुम्ही रोज बघता. मी स्वतः बऱ्याच वर्षांपूर्वी एका नातेवाइकांच्या गाडीला हीच चूक केली होती, खालची पायरी फिक्स ठेवली, तिसऱ्या दिवशी ती मागे वाकून ब्रेक पाइपच्या अगदी जवळ गेली. पाइप वाचला, पण तेव्हापासून मी खालची पायरी गाडीला लावत नाही.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं असं. वरची पायरी ३६ सेंमीवर, गाडीला लावलेली, आत दुमडणारी किंवा सरकणारी. खालची पायरी म्हणजे सुटा लाकडी चौरंग, १८ सेंमी उंच, ६० बाय ४० चा, गाडीतच दाराशेजारी पट्ट्यानं बांधून ठेवायचा. चौरंगाला १८ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय, पाय बाहेरच्या बाजूला किंचित फाकलेले म्हणजे कडेवर वजन पडलं तरी उलटत नाही, पायांखाली रबराचे बूट, मध्ये हात घालून उचलायला खाच. हलका करायच्या नादात पडू नका, जड चौरंग जागचा हलत नाही. आमच्याकडे जुन्या घरांना जोत्याशी सुटा दगड टाकलेला असायचा, तसंच हे.

वरच्या पायरीसाठी गाडीखाली झोपून आधी बघा काय काय जातंय, डिझेलची लाइन, ब्रेक पाइप, सायलेन्सर, वायरिंग. हे सगळं चुकवून दोन ब्रॅकेट येतील अशी जागा शोधा, दाराच्या रुंदीत जितके लांब घेता येतील तितके लांब. ब्रॅकेटला ४० बाय ४० चा ५ मिमी अँगल चालेल किंवा त्याच मापाचा स्क्वेअर पाइप. चासीत भोक पाडायची वेळ आली तर चॅनेलच्या मधल्या उभ्या भागात पाडा, वरच्या-खालच्या कडेच्या पट्टीला कधी ड्रिल लावू नका, सगळा ताण त्या पट्ट्या घेत असतात. आधीपासून असलेली भोकं मिळाली तर सगळ्यात उत्तम. मेंबर बंद बॉक्ससारखा असेल तर बोल्ट आरपार घेताना आतमध्ये पाइपचा तुकडा घाला, नाहीतर नट आवळला की बॉक्स चेपतो. १० मिमीचे हाय टेन्साइल बोल्ट, डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं ते बघून घ्या, आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असते तो), साधा नट जुन्या डिझेलच्या थरथरीनं सैल होतो. भोकाच्या कडेला रेड ऑक्साइड लावूनच बोल्ट घाला.

पायरीचा पत्रा ३ मिमीची चेकर प्लेट (उठावाची नक्षी असलेला पत्रा), ६० सेंमी रुंद, पाय टाकायला निदान २५ सेंमी खोल. पुष्कळ जण जाळी लावतात, चिखल खाली पडतो म्हणून, पण आई नऊवारी किंवा साधी साडी नेसत असतील तर जाळीत काठ अडकतो, चपलेचं टोकही अडकतं. चेकर प्लेटलाच दहा-बारा भोकं पाडा, पाणी निघून जाईल. पुढची कड खाली वळवून घ्या, धारदार ठेवली तर नडगीला लागते, आणि कडेला पिवळी खरखरीत पट्टी चिकटवा, संध्याकाळी उतरताना कड दिसली पाहिजे.

पायरीइतकंच महत्त्वाचं हँडल आहे आणि ते जवळपास सगळेच विसरतात. गुडघे दुखणारं माणूस निम्मं वजन हातानं उचलतं. दाराच्या दोन्ही बाजूंना उभी दांडी, ३० ते ३५ मिमी जाडीची म्हणजे मूठ पूर्ण बसते, खालचं टोक जमिनीवर उभं राहून हाताला येईल इतकं खाली आणि वरचं टोक आत उभं राहिल्यावर धरता येईल इतकं वर. स्टीलची चकचकीत दांडी पावसात निसटते, तिच्यावर रबरी ग्रिप चढवा. दांडीसुद्धा नुसत्या पत्र्याला स्क्रूनं नाही, दाराच्या खांबाला, आतून जाड पट्टी देऊन.

दुमडायची पायरी बाहेर राहिली आणि गाडी हलली तर रस्त्यानं चालणाऱ्या माणसाच्या पायाला लागू शकते, म्हणून दाराच्या दिव्याला असतो तसला दाबाचा स्विच पायरीला लावून इग्निशनला बझर जोडा. चावी फिरवली आणि पायरी बाहेर असेल तर आवाज झाला पाहिजे. इलेक्ट्रिशियनला तासाभराचं काम आहे.

आणि कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवर असलेली गाडीची माहिती कंपनीनं दिलेल्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकानं करायचा नाही. बोल्टनं लावलेली, दुमडल्यावर गाडीच्या पत्र्याच्या आत राहणारी पायरी रुंदी-लांबी बदलत नाही, तरी पुढच्या पासिंगआधी आरटीओत इन्स्पेक्टरना गाडी दाखवून विचारून घ्या.

शेवटी आईंना सांगायचं. चढताना कमी दुखणारा पाय आधी वर, उतरताना जास्त दुखणारा पाय आधी खाली, फिजिओथेरपीवाले जिन्यासाठी हेच शिकवतात. आणि उतरताना तोंड गाडीकडे, पाठ बाहेर, शिडीवरून उतरतो तसं, दोन्ही हात दांड्यांवर. तोंड बाहेर करून उतरलं की सगळं वजन एकदम वाकलेल्या गुडघ्यावर येतं. दोन दिवस घरासमोर गाडी उभी करून नुसती प्रॅक्टिस करून घ्या, घाई नसताना, आणि त्या वेळी मागून कुणी 'लवकर लवकर' म्हणायचं नाही.

प्रश्न: माझ्याकडे १९७३ ची मॅटाडोर आहे, आजोबांची, खासगी नोंदणी. पूर्ण मूळ स्थितीत रिस्टोअर करून व्हिंटेज नंबर घ्यायचाय, पण आजोबा ९१ वर्षांचे आहेत आणि त्यांना तीत बसवून एक चक्कर मारायचीच आहे. पायरी लावली तर व्हिंटेज नोंदणी अडेल का? (नाशिक)

उत्तर: तुमचं पत्र वाचून खूप आनंद झाला. १९७३ ची म्हणजे आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या मॅटाडोरपैकी. या गाडीचं मूळ जर्मनीतलं, हांबुर्ग-हारबुर्गच्या विडाल कंपनीची टेम्पो मॅटाडोर १९४९ ला आली, आणि त्याच कंपनीशी करार करून १९५८ मध्ये इथे बजाज टेम्पो सुरू झाली, जिचं नाव २००५ पासून फोर्स मोटर्स आहे. आपण आज कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो तो शब्द त्या जर्मन कंपनीच्या नावावरून आलेला. या गाडीची खासियत म्हणजे फ्रंट व्हील ड्राइव्ह. इंजिन, गिअरबॉक्स, सगळं पुढे, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच नाही, त्यामुळे मागचा फ्लोअर खाली ठेवता आला. त्या काळातल्या दुसऱ्या गाड्यांच्या मानानं तिच्यात चढणं सोपं होतं ते यामुळे.

नोंदणीचं सांगतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांचे नवे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार न केलेली, अशी गाडी त्यात बसते. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नूतनीकरणाची ५,०००, मुदत १० वर्षं. आणि लक्षात घ्या, त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल-डिझेल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. त्यामुळे आजोबांची आवडती चक्कर त्यांच्या गावापर्यंत असेल तर ती आत्ताच्या नोंदणीवर, कागद चालू असतील तर, आधी मारून घ्या. ९१ वर्षांच्या माणसाच्या बाबतीत मी गाडीच्या रंगासाठी थांबणार नाही.

पायरी म्हणाल तर तुमच्या गाडीला भोकसुद्धा पाडू नका. वर मिरजच्या पत्रात सांगितलाय तसा चौरंग, पण दोन टप्प्यांचा करा, खालचा टप्पा मोठा, वरचा लहान, मागच्या बाजूला एक उभी दांडी जोडलेली म्हणजे आजोबांना धरायला आधार आणि गाडीला हात लावायची गरज नाही. सुताराकडून सागाचा करून घ्या, गाडीच्या रंगाचा पट्टा द्या, रॅलीतसुद्धा शोभेल. वजन बरंच होईल, उचलायला दोन माणसं लागतील, पण ९१ वर्षांच्या माणसाबरोबर दोन माणसं असणारच.

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउला राहतो. मागच्या वर्षी १९७४ ची फोक्सवॅगन टाइप टू कॅम्पर घेतली. मुलं लहान आहेत (४ आणि ६) आणि उन्हाळ्यात पुण्याहून सासूबाई येतात, स्लायडिंग दाराशी फ्लोअर ४८ सेंमी आहे, मुलं गुडघ्यावर रांगत चढतात आणि सासूबाई तर 'मी इथेच बसते' म्हणतात. ओळखीचा एक जण म्हणतो जुन्या मॉडेलचा पायरीवाला पुढचा बम्पर लावा, दुसरा म्हणतो जॅक लावायच्या जागेत खुपसायची पायरी घ्या. काय करावं?

उत्तर: बम्परवाल्याचं म्हणणं अर्धं खरंय. १९६७ ला टाइप टूचं दुसरं रूप आलं तेव्हा पुढच्या बम्परची टोकं बाजूला वळवून त्यालाच पायरी केलेली होती, ड्रायव्हरच्या दारात चढायला. १९७२ च्या मध्यात बम्पर बदलला आणि ती पायरी गेली. म्हणजे तुमच्या १९७४ च्या गाडीला तो मूळचा नाही, पुढच्या पत्र्याचा आकारही वेगळा, लावायला खटपट फार. आणि मुख्य म्हणजे ती पायरी पुढच्या दाराची, तुमची अडचण मधल्या दाराची. त्यामुळे तो विषय सोडून द्या.

जॅकच्या जागेचा विचार मात्र शहाणा आहे. त्या गाडीला कडेच्या खाली चौकोनी पाइपचे सॉकेट असतात, जॅक त्यात घालून गाडीची एक बाजू उचलायची, म्हणजे ती जागा मुळातच गाडीचं वजन घ्यायला बनवलेली. पायरीला तिच्याइतकी चांगली जागा क्वचित मिळते. पण अट एकच, ती जागा शाबूत पाहिजे. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि जुन्या फोक्सवॅगनचा खालचा पत्रा सगळ्यात आधी तिथेच जातो. पूर्वी कुणी नुसता वरून पत्रा मारून काळा लेप फासलेला असू शकतो. लेप खरवडा, टोचून बघा, सॉकेटपासून आत जाणारे आडवे हात मुख्य मेंबरला नीट जोडलेले आहेत का बघा. गेले असतील तर आधी ते काम, पायरी नंतर. शाबूत असतील तरी एकाच सॉकेटमध्ये एका दांडीवर टांगलेली पायरी घेऊ नका, तिच्या टोकावर पाय पडला की ती पिळवटते. दुसरा आधार फ्लोअरच्या आडव्या मेंबरला द्या. गॅल्व्हनाइज्ड लोखंड आणि स्टेनलेस बोल्ट वापरा. अॅल्युमिनियमची पायरी थेट लोखंडाला लावली तर मिठाच्या ओलीत दोन धातूंच्या सांध्यात अॅल्युमिनियम भुसभुशीत होतं, मध्ये रबराचा वॉशर द्या.

४८ चं गणित असं, एक पायरी २४ वर मुलांना पुरते, सासूबाईंना १६-१६ ची तीन पावलं पाहिजेत. मुलांची पायरी गाडीला लावा आणि सासूबाईंसाठी कॅम्पसाइटवर दोन टप्प्यांची सुटी घडीची पायरी ठेवा, दाराच्या दुसऱ्या भागात म्हणजे दोन्ही एकमेकींना अडणार नाहीत. गवतावर तिच्या पायांखाली प्लायचा तुकडा टाका, तिकडच्या ओल्या जमिनीत तिचा एक पाय रुतला की पायरी तिरकी होते आणि वयस्कर माणसाला ते पाऊल टाकल्यावरच कळतं.

कागदाची काळजी करू नका. तुमच्याकडे ४० वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स लागत नाही आणि एमओटी, म्हणजे तिकडची दरवर्षीची गाडीची तपासणी, सक्तीची नाही, फक्त हिस्टॉरिक वर्गात नोंद करून घ्यावी लागते आणि गाडीत मोठे फेरबदल झालेले नसावे लागतात. ते फेरबदल म्हणजे चासी किंवा मूळ सांगाडा, अॅक्सल-सस्पेन्शन, इंजिन. बोल्टची पायरी त्यात येत नाही. पण एमओटी सक्तीची नाही म्हणून खालून गाडी तपासायची सोडू नका, मुलं बसतात त्यात.

एक गोष्ट सांगायची राहिली. याच गाडीच्या रुग्णवाहिका निघायच्या, त्यांना बाजूच्या दाराशी बाहेर येणारी पायरी कारखान्यातूनच असायची. म्हणजे ज्यांनी गाडी बनवली त्यांनाही माहीत होतं की आजारी माणसाला तेवढं उंच पाऊल टाकणं जमत नाही. जुन्या गाडीला पायरी लावणं म्हणजे तिचं रूप बिघडवणं असं तिकडच्या क्लबमधलं कुणी म्हणालं तर त्यांना ती रुग्णवाहिका दाखवा.

प्रश्न: दादा, आमच्या जुन्या व्हॅनला इथल्या एका गॅरेजनं वेल्डिंग करून पायरी लावून दिली होती, आठ महिन्यांत दाराखालच्या पत्र्यासकट उचकटली, आता तिथे वीतभर भोक आहे. गॅरेजवाला म्हणतो त्यावर नवा पत्रा मारून पायरी पुन्हा जागच्या जागी लावतो. (सातारा)

उत्तर: भोकावर पत्रा मारू देऊ नका. आतला गंज तसाच राहतो आणि बाहेरून दिसायचा बंद होतो, याहून वाईट काही नाही. चांगलं चकचकीत लोखंड लागेपर्यंत सडका भाग कापून काढा, मग त्या मापाचा तुकडा कडेला कड जोडून वेल्ड करा, आतून प्रायमर आणि मेणाचा स्प्रे, पाणी निघायची मूळ भोकं बुजवू नका. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायला लावा, फ्लोअर मॅट आणि सीट बाहेर काढायला लावा, टाकी जवळ असेल तर उतरवून घ्या. यात कंटाळा करणाऱ्याकडे गाडी देऊ नका. पायरी मग मेंबरला बोल्टनं, वर सविस्तर लिहिलंय तसं. पत्रा आणि पायरी यांचा एकमेकांशी काही संबंध असता कामा नये, दोघांत बोटभर जागा दिसली पाहिजे.

प्रश्न: मोटरवाली पायरी मिळते, दार उघडलं की आपोआप बाहेर येते. जुन्या गाडीला लावावी का? (नागपूर)

उत्तर: गाडी १२ व्होल्टची असेल तर लावता येते, काही फार जुन्या व्हॅन ६ व्होल्टच्या आहेत, त्यांना जमत नाही. वायर थेट बॅटरीपासून, जाड, बॅटरीजवळच फ्यूज, आणि मध्ये रिले (मोटरचा जास्त करंट सांभाळणारा वेगळा स्विच), जुन्या दिव्याच्या वायरवरून सप्लाय घेतला तर वायर तापून जळेल. माझं स्वतःचं मत विचाराल तर हातानं ओढायची घ्या. मोटर चिखल-पाण्यात खाली लटकलेली असते, ती ज्या दिवशी अडकेल त्या दिवशी नेमकी आजी दवाखान्यातून परतत असेल. हातानं ओढायच्या पायरीला महिन्यातून एकदा ग्रीस लागतं, बस.

प्रश्न: आमच्या १९९५ च्या ओम्नीला बाजूच्या दाराशी फुटबोर्ड लावू का? बाबांना मागे बसताना त्रास होतो. (म्हापसा)

उत्तर: ओम्नीचा फ्लोअर आधीच खाली आहे, पायरी लावली तर ती जमिनीला टेकायला येईल आणि एक पाऊल उगाच वाढेल. बाबांचा त्रास बहुतेक उंचीचा नाही, वाकण्याचा आहे, छत बुटकं आणि धरायला काही नाही. दाराच्या मागच्या खांबाला आतून एक मजबूत हँडल लावा, आणि बाबांना आधी सीटच्या कडेवर टेकून बसू द्या, मग दोन्ही पाय एकदम आत. पाय आधी आत टाकून मग वाकायला लावू नका. पुढे बसवत असाल तर मात्र विचार करा, तिथे सीटखाली इंजिन आणि चाकाचा उंचवटा असल्यामुळे चढ जास्त आहे. त्यांना मागेच बसवा.